तापात बरळणं म्हणजे ‘बाहेरचं’ नाही
(आरोग्य पाठ – गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी)



राब भाजून झाले, आता पेरणी आणि मग लावणी. पावसाबरोबर घराघरांत तापही येईल. डास, पाणी, स्वच्छता यावर आपण दरवर्षी बोलतोच. या वेळी मात्र एका वेगळ्या गोष्टीवर बोलूया. संसर्गाचा आजार नुसतं अंग तापवून थांबत नाही, कधी कधी तो मेंदूवर आणि मनावरही परिणाम करतो. तो ओळखायचा कसा आणि गटाने काय करायचं, हा आजचा पाठ.

हा विषय का घेतला ते आधी सांगते, कारण त्यात माझीही चूक आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट

कोलाडजवळच्या एका गावातल्या ताईंची ही गोष्ट. त्यांना विचारूनच लिहितेय, पण नाव आणि गाव सांगत नाही. गटाचे हिशेब त्याच लिहायच्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखं आणि व्याजाचा आकडा तोंडावर. लावणी उरकली आणि त्यांना थंडी वाजून ताप आला. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. पाचव्या रात्री त्यांनी सुनेलाच ओळखलं नाही. “तू कोण गं? माझ्या घरात कशी आलीस?” असं विचारायला लागल्या. वारलेल्या आईशी बोलायला लागल्या. अंगावरचं पांघरूण फेकून उठून पळू लागल्या.

घरात एकच बोलणं सुरू झालं. तिन्हीसांजेला शेतावरून एकटी आली, बाहेरचं लागलं. भगताला निरोप गेला. सून घाबरून अध्यक्षताईंकडे धावली. त्यांनी एकच विचारलं, “अंगात ताप आहे का अजून?” सून म्हणाली, “हो काकी, हाताला चटका बसतोय.” “मग आधी दवाखाना.” रात्री साडेअकराला गाडी काढली. रक्त तपासलं तर मलेरिया निघाला, तोही मेंदूपर्यंत जाणारा प्रकार. ताई तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर काही सांगता आलं नसतं.

इथपर्यंतची गोष्ट आपण सगळ्यांना अभिमानाने सांगतो. पुढची कोणी सांगत नाही.

घरी आल्यावर ताई पहिल्यासारख्या नव्हत्या. चुलीवर भात ठेवून विसरायच्या. कारण नसताना रडू यायचं. रजिस्टर उघडलं की बेरीज जुळायची नाही. लाज वाटून त्यांनी बैठकीला येणंच सोडलं. लागोपाठ तीन बैठका चुकल्या, दोन हप्ते थकले. गटाने नियमाप्रमाणे दंड लावला. आणि मी माझ्या मासिक अहवालात त्यांच्या नावापुढे लिहिलं, “अनियमित सदस्य, समज द्यावी.” एकदाही घरी जाऊन विचारलं नाही. समाजकार्याची पदवी घेतलेली मी, पण मलाही वाटलं होतं की ताप गेला म्हणजे आजार गेला.

आजार मेंदूपर्यंत पोचतो कसा?

मेंदूला निसर्गाने चांगलं जपलंय. बाहेर कवटी, आत आवरणं. शिवाय रक्तातलं सगळंच आत जाऊ नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जास्त घट्ट असतात, चहाच्या बारीक गाळणीसारख्या. तरीही आजाराला आत जायच्या वाटा सापडतात.

पहिली वाट – जंतू स्वतः आत शिरतो. मेंदूच्या आवरणाला किंवा खुद्द मेंदूला सूज येते. याला आपण मेंदूज्वर म्हणतो. जोराची डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, झटके येणं, गुंगी येणं ही त्याची लक्षणं.

दुसरी वाट – मेंदूचा पुरवठा तुटतो. मेंदूला सतत प्राणवायू आणि साखर लागते. आपल्या ताईंना झालेल्या मलेरियात (डॉक्टर त्याला फाल्सिपेरम म्हणतात) आजारी झालेल्या रक्तपेशी मेंदूच्या बारीक नळ्यांमध्ये चिकटून बसतात. गाळ साचून पाट तुंबावा, तसं रक्त पुढे सरकत नाही. त्यातच रक्तातली साखरही उतरते. मग माणूस बरळतो, ओळखत नाही, बेशुद्ध होतो.

तिसरी वाट – लढाईची धग. जंतूशी लढताना शरीर काही रसायनं सोडतं. त्यांचा निरोप मेंदूला पोचतो. म्हणून तापात जेवण नको वाटतं, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं. तो आळस नाही, शरीराने मागितलेली विश्रांती आहे. पण काहींच्या बाबतीत जंतू गेल्यावरही ही धग निवत नाही. आठवडे, कधी महिनेसुद्धा थकवा, विसराळूपणा, उदासी राहते.

या तीन वाटा शरीरातल्या. चौथी वाट आपल्या घरातली आणि गावातली. आजाऱ्याचं ताट वेगळं काढणं, “हिचं डोकं फिरलंय” म्हणणं, कामाचे टोमणे मारणं. याने मेंदूला सूज येत नाही, पण मन खचतं.

जुनी माणसं “तापात वात झाला” म्हणायची. म्हणजे ताप आणि बरळणं यांचा संबंध आपल्या आज्यांनाही माहीत होता. टायफॉइड या नावातही तेच आहे. ते ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थ धूर किंवा धुंदी. या तापात रोगी धुंदीत गेल्यासारखा होतो, म्हणून ते नाव.

आपल्या भागात कशापासून जपायचं?

मलेरिया – थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. मेडिकलमधल्या गोळीने ताप उतरतो, मलेरिया जात नाही.

लेप्टो – उंदीर आणि गुरांच्या मुतातून हा जंतू चिखलपाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून शरीरात जातो. लावणीत आणि पुराच्या पाण्यात धोका जास्त. ताप, पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल होणं, नंतर कावीळ, लघवी कमी होणं अशी लक्षणं दिसतात. तो मेंदूच्या आवरणापर्यंतही जाऊ शकतो. पायाला जखम असेल तर झाकून किंवा बूट घालून शेतात उतरा. पुरानंतर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर सांगितल्याप्रमाणे घ्या.

लहान मुलांचा मेंदूज्वर – चांदीपुरा हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. हा विषाणू १९६५ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याला गावाचं नाव. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली, २०२४ मध्ये गुजरातमध्ये. भिंतींच्या भेगांत, ओलसर कोपऱ्यांत राहणारी बारीक वाळूमाशी तो पसरवते. मुलाला एकाएकी खूप ताप, उलट्या, झटके येतात आणि एक-दोन दिवसांत बेशुद्धी. यावर खास औषध नाही, त्यामुळे लवकर दवाखाना हाच उपाय. भेगा लिंपून घ्या, मुलांना मच्छरदाणीत झोपवा. डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वरावर मात्र लस आहे. आपल्याकडे कोणत्या वयाच्या मुलांना देतात ते आशाताईंना विचारा.

कुत्रं चावणं – रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून नसांतून हळूहळू मेंदूकडे चालत जातो. तो पोचायच्या आत लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. कुत्रं, साप, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही घरात सांगून ठेवा.

दूषित पाणी – जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे बरेच रुग्ण निघाले. अनेकांना आधी जुलाब झाले आणि मग हातापायातली शक्ती गेली. पोटातल्या जंतूशी लढता लढता शरीराचे शिपाई आपल्याच नसांवर उलटले. राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावावं, तसं. पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवा. भाजी नीट धुवा, कारण डुकराच्या पट्टकृमीची अंडी त्यातून पोटात गेली तर कृमी मेंदूत गाठ करून बसतात आणि फेफरं येतं. शाकाहारी माणसालाही हे होऊ शकतं.

फेफरं आलं तर कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि दवाखान्यात न्या.

टीबी आणि मन

टीबी फुप्फुसाचाच असतो असं नाही. तो मेंदूच्या आवरणालाही होतो, लहान मुलांना जास्त. दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या, मूल किरकिरं किंवा सुस्त होणं अशी त्याची सुरुवात असते. बाळाला जन्मानंतर दिली जाणारी बीसीजीची लस मुख्यतः अशा गंभीर टीबीपासून जपते, म्हणून ती चुकवू नका.

दुसरी गोष्ट औषधांची. टीबीचं औषध सहा महिने किंवा जास्त चालतं. काहींना, विशेषतः साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या गोळ्यांनी, झोप न लागणं, खूप उदास वाटणं, कानात आवाज येणं असा त्रास होऊ शकतो. अशा वेळी पेशंट गोळ्या फेकून देतो आणि घरचे म्हणतात वेड लागलं. दोन्ही चूक. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं. ते डोस किंवा औषध बदलू शकतात.

आपल्या वाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि तिथे औषध तुटतं. निघायच्या आधी आशाताईंना कुठे जाणार ते सांगा, म्हणजे तिकडच्या केंद्रावर उपचार चालू ठेवता येतात. टीबीचे उपचार मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. कोणाला मिळत नसतील तर गटात सांगा.

वेडामागेही जंतू असू शकतो

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांत एका प्रकारचे खूप रुग्ण असत. आधी स्वभाव बदलायचा, मग भ्रम, मग लुळेपण आणि शेवटी मृत्यू. लोक म्हणत पापाचं फळ. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञाने अशा रुग्णांच्या मेंदूत गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा जंतू दाखवून दिला. पुढे पेनिसिलिन आलं आणि असे रुग्ण कमी होत गेले. आज गरोदर बाईच्या रक्ततपासणीत हा आजारही तपासतात. तेव्हा ती तपासणी टाळू नका.

याचा अर्थ प्रत्येक मानसिक आजार जंतूमुळे होतो असा नाही. पण माणूस एकाएकी विचित्र वागायला लागला तर आधी शरीर तपासायचं, मग बाकीचं.

भगतांना मी नावं ठेवत नाही. घाबरलेल्या घराला त्यांच्या बोलण्याने धीर येतो. पण अंगाऱ्याने मलेरिया मरत नाही. घरी थांबणाऱ्यांनी देवापुढे नारळ ठेवावा, आजारी माणूस मात्र आधी गाडीत बसला पाहिजे.

थांबायचं नाही अशी लक्षणं

तापाबरोबर यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

१. माणसं, जागा, दिवस ओळखता न येणं, बरळणं.
२. झटके किंवा फेफरं येणं.
३. हाक मारली तरी जागं न होणं, सारखी गुंगी.
४. मान ताठ होणं, जोराची डोकेदुखी आणि उलट्या.
५. हातापायातली शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं.
६. लहान बाळाने दूध ओढणं सोडणं, टाळू फुगणं, सारखं कण्हणं.

डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की सांगा. ताप कधीपासून, बरळणं कधीपासून आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या दिल्या.

बरं झाल्यावरचे दिवस

कोविडमध्ये आपण हे सगळ्यांनी पाहिलं. आजार गेला तरी कितीतरी जणांना महिनोन्‌महिने आठवत नव्हतं, झोप लागत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की त्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य साधारण २५ टक्क्यांनी वाढलं. आजार न झालेल्यांनाही भीती, एकटेपणा, रोजगार जाणं यांचा त्रास झाला.

मोठ्या आजारातून उठलेल्या बाईला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटलं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी नकोशा झाल्या का? दोन्हीपैकी एकाचं उत्तर ‘हो’ असेल तर आरोग्य केंद्रात घेऊन जा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी फोन लावा किंवा दवाखान्यात न्या.

गटाने काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. ते कागदावर राहू नये म्हणून ज्या गटाची गोष्ट सांगितली, त्यांनी चार नियम केले. तुम्हाला पटले तर तुमच्याही बैठकीत ठराव करा.

एक, सदस्य बैठकीला दोनदा आली नाही तर दंड लावायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जायचं. दोन, मोठ्या आजारात दंड माफ आणि हप्त्याला मुदतवाढ. तीन, रात्रीच्या गाडीखर्चासाठी थोडी रक्कम अध्यक्षांकडे हाताशी ठेवायची, जास्त लागले तर ग्रामसंघाकडे मागायचे. चार, आजारातून उठलेल्या सदस्येला एकदम पूर्ण काम द्यायचं नाही आणि कामातून काढायचंही नाही.

चौथा नियम आपल्या ताईंमुळेच आला. अध्यक्षताई आणि मी दिवाळीच्या आधी त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, “मला वाटलं तुम्ही पैसे मागायला आलात.” मला काय बोलावं सुचेना. मी आधी माफी मागितली. मग आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, अशा आजारानंतर असं होऊ शकतं, वेळ लागेल, झोप आणि जेवण सांभाळा, रोज थोडं थोडं काम करा. सुनेने घरातले टोमणे बंद करवले, हे सगळ्यात मोठं औषध झालं असं ताईच सांगतात.

आता त्या पुन्हा रजिस्टर लिहितात. बेरीज दुसरी सदस्य तपासते. मोठे आकडे अजून कधी कधी अडतात, तेव्हा त्या बोटांवर मोजतात आणि कोणी हसत नाही. अहवालातलं ते वाक्य मी खोडलं आणि दंड गटाने परत केला.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात तापात बरळणाऱ्या माणसाला आधी कुठे नेतात? का?
२. गेल्या वर्षभरात आपल्या गटातली कोणी आजारानंतर बदलली का? तिला कोणी भेटलं का?
३. रात्री गाडी लागली तर कोणाला फोन करायचा? ते नाव आणि नंबर, १०८ आणि १४४१६ आजच रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं काम झाल्याशिवाय बैठक संपवू नका. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा ते पहिलं पान बघणार आहे!

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक, कोलाड विभाग